भाच्याला जर्मनीत बोलवायचं, पण डिग्रीसाठी नव्हे

कृष्णाकाठ :
ताईचा मुलगा सांगलीला आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाला. आता घरात घाट घातलाय की दोन एकर विकून त्याला जर्मनीतल्या एका खासगी कॉलेजात घालायचं. मी कार्ल्सरूहेत राहतो, अशा कॉलेजांतून बाहेर पडून नोकरीसाठी वणवण करणारी पोरं बघतो. म्हणून माझं मत : वावर विकू नका, पोराला आउसबिल्डुंगला, म्हणजे काम करत शिकायच्या जर्मन व्यवसाय-प्रशिक्षणाला पाठवा. आठवड्याला एक-दोन दिवस व्यवसायशाळा, बाकी दिवस मालकाकडे प्रत्यक्ष काम, आणि पगार पहिल्या महिन्यापासून. इलेक्ट्रिशियनला साडेतीन वर्षं लागतात. पास झाल्यावर त्याच कामात दोन वर्षं काढली की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. जर्मन क्लासची फी मी भरणार, खर्चाची हमीही मीच घेणार. यात कुणाला काही खटकतंय का?

खडूस पेठकर :
खटकतंय. पगार म्हणता, आकडा का लपवता? २०२५ साली सुरुवात करणाऱ्याला पहिल्या वर्षाचा कायदेशीर किमान पगार महिना ६८२ युरो. त्यातून आरोग्यविमा, पेन्शन कापलं जाणार. मग खोलीचं भाडं कशातून? तुमच्याकडेच राहणार असेल तर मामींना विचारलंत का? आणि एवढ्या मजकुरात तो मुलगा काय म्हणतो, हे एका ओळीतही नाही.

कृष्णाकाठ :
मामीनेच ही कल्पना काढली, तेव्हा तिची काळजी सोडा. ६८२ ही तळाची रेघ आहे. कामगार संघटनेचा करार असेल तिथे बरंच जास्त मिळतं. शिवाय आठवड्याला २० तास दुसरं काम करायला परवानगी असते.

खडूस पेठकर :
वा! दिवसभर भिंतीत खाचा मारायच्या, संध्याकाळी पिझ्झा पोचवायचा आणि रात्री विजेचे नियम जर्मनमधून पाठ करायचे. वीस वर्षांच्या पोराकडून मामाची अपेक्षा माफक आहे.

रात्रपाळी :
मी मूळची लातूरची, हायलब्रॉनजवळ नर्सिंगच्या आउसबिल्डुंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरकारी रुग्णालयांत आम्हाला पहिल्याच वर्षी १,३०० युरोंच्या वर मिळतात, त्यामुळे पैशाचं रडगाणं सगळीकडे सारखं नाही. खरी मारामारी भाषेची. व्हिसाला साधारण बी-वन, म्हणजे जर्मनची तिसरी पातळी (पहिली ए-वन), चालतं, पण क्लासमधलं जर्मन वेगळं आणि कवळी काढून ठेवलेले आजोबा श्वाबिश ही इथली बोली बोलतात ते वेगळं. पहिले सहा महिने मी नुसती मान डोलवत होते. आमच्याकडे परिविक्षा, म्हणजे प्रोबेशन, सहा महिन्यांची, इतर कामांत जास्तीत जास्त चार. त्या काळात मालक कारण न देता काढू शकतो. आपली चूक नसताना जागा गेली तर दुसरी शोधायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते, हे दादा, भाच्याला आधीच सांगून ठेवा. आणि एजंटला एक रुपया देऊ नका. माझ्या मैत्रिणीने साडेतीन लाख मोजले, आणि जागा मिळाली ती सरकारी रोजगार खात्याच्या फुकटच्या साइटवर आधीपासून दिसत होती.

चाकणचा पॅनेलवाला :
माझं लहान वर्कशॉप आहे. चांगला वायरमन टिकत नाही म्हणून रोज डोकं धरून बसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल माणसं पुरवण्याचा करार केला, तुम्ही राहता त्याच राज्याशी. पोरं घडवायची आम्ही आणि न्यायची त्यांनी. इथे शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे, तो नीट राबवा म्हणून कुणी बोलत नाही.

कृष्णाकाठ :
भाऊ, त्याच कायद्याखाली भाचा वर्षभर एका कारखान्यात होता. विद्यावेतन तुटपुंजं, हातात झाडू जास्त आणि टेस्टर कमी. वर्ष संपलं तसा पुढची बॅच आली आणि हा घरी. तुमच्याकडचे उमेदवार तुम्ही कायम करता का?

चाकणचा पॅनेलवाला :
दोघांना केलं. दोघंही सोडून गेले, एक दुबईला.

माहेरची ओवी :
तुम्ही सगळे पगारावर भांडताय. माझा मुलगा पाच वर्षांपूर्वी गेला. पोरगा सुखात आहे, खोटं बोलणार नाही. पण दवाखान्याच्या रांगेत त्याच्या बाबांबरोबर शेजारचा मुलगा उभा राहतो. तुमच्या ताईंना दुसरं अपत्य आहे का? नसेल तर हा विचार मामाने नाही, ताई-भावजींनी करायचा आहे.

नोंदणी कागद :
एक राहिलं. खर्चाची हमी म्हणजे परदेशी नागरिक कार्यालयात द्यायचं हमीपत्र असेल, तर ते नुसतं नात्याखातर करायची सही नाही. भाच्याच्या राहण्या-खाण्यावर किंवा दवाखान्यावर सरकारी पैसा खर्च झाला, तर तो तुमच्याकडून वसूल होतो, पाच वर्षांपर्यंत. पगार कमी पडत असेल तर तेवढी रक्कम भाच्याच्या नावे ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीकच पैसे काढता येणाऱ्या खात्यात, ठेवणं जास्त सुटसुटीत. बुडाले तर तेवढेच बुडतील.

कृष्णाकाठ :
ब्लॉक्ड खात्याचं पटलं, तसंच करतो. ओवीताई, भाच्याला धाकटी बहीण आहे, पण तुमचा प्रश्न ताईपुढे जसाच्या तसा ठेवतो. वावराचा सौदा तूर्त थांबवायला सांगितलंय. पेठकर, पोराला विचारलं : क्लास लावायला तयार आहे. आधी ए-वन तर होऊ दे.

खडूस पेठकर :
ए-वन सगळेच होतात हो. बी-वनला गळती लागते. तिथवर टिकला तर खात्यात भरायला शंभर युरो माझेही घ्या.