सुवर्णदुर्ग बघायला जाताना : नागपूरकरांनी नेमकं लिहा

रामटेक, नरनाळा, गाविलगड झालेले बरेच जण दिवाळीनंतर कोकणात हर्णैला निघतात. पाण्यातला किल्ला कसा बघायचा, ते इथं लिहा. 'लई मजा आली' एवढ्यावर भागवू नका. टोपणनावांनी आलेली उत्तरं खाली.

महालकर : आधी घरच्या कॅलेंडरात तिथी बघा. तिथीची पाऊणपट ती भरतीची वेळ. षष्ठी असली तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी साडेचारच्या सुमारास भरती, सकाळी साडेदहा-अकराला ओहोटी. रोज हे गणित पाऊण तासाहून थोडं जास्त पुढं सरकतं. ओहोटी संपून पाणी चढायला लागलं की निघा. उतरत्या पाण्यात होडी रेतीवर टेकली, तर भरतीची वाट बघत बसायचं. बेटाला धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. मागं पट्टा असलेली चप्पल घाला. साधी स्लीपर लाट घेऊन जाते.

गोरेवाडा : दार होडीतून पटकन दिसत नाही. ते किनाऱ्याकडच्या अंगाला, बुरुजांच्या आड आहे. पायरीवर कासव कोरलंय, बाजूच्या तटावर मारुती. कासवावर हमखास पाय पडतो, खाली बघत चढा. आत रान माजलंय. टाक्यांचे काठ गवतात दिसत नाहीत, काठीनं चाचपत चला. प्यायचं पाणी माणशी दोन लिटर. आपल्याकडचं ऊन घाम वाळवतं, तिथलं वाळवत नाही.

झिरो माइल : नुसतं बेट बघून परतलात तर किल्ला अर्धाच कळतो. समोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा हे तीन छोटे किल्ले, मधे पाण्याची चिंचोळी पट्टी. आरमारप्रमुख तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला एप्रिल १७५५ मध्ये गेला तो याच पट्टीतून. इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं आधी खुल्या समुद्राकडून तोफा डागल्या. तिकडं तटाखाली कातळ, फारसं काही हललं नाही. मग पाण्याची खोली मोजून त्यानं जहाजं आतल्या बाजूला घातली. किल्ल्यातलं दारूकोठार उडालं. कनकदुर्गाच्या दीपगृहापाशी उभं राहून ही पट्टी बघा, किती जवळून मारा झाला ते तिथं समजतं. फत्तेगडावर आता कोळ्यांची वस्ती आहे, लोकांच्या अंगणातून कॅमेरे घेऊन हिंडू नका.

सावजी : रेल्वेनं खेड, मग दापोली, मग हर्णै. नागपूर-मडगाव विशेष गाडी खेडला थांबते, पण ती सुरू आहे का ते आधी बघा. पावसाळ्यात होड्या बंद. भाडं माणशी की होडीमागं, आणि होडीवाला किती वेळ थांबणार, हे पाय टाकायच्या आधी ठरवा. एका तासात होत नाही भाऊ, दोन मागा.