फोटोवरची काळी पट्टी

नाव आणि केस नंबर काढला की पेशंटचे फोटो एआयला शिकवायला द्यायला हरकत नाही, असं काही जण म्हणतात. रक्ताच्या रिपोर्टपुरतं एकवेळ मान्य. पण प्लास्टिक सर्जरीत चेहरा हाच रिपोर्ट. नाकाच्या ऑपरेशनच्या फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी मारतात. नाक, ओठ, हनुवटी, गालावरचा तीळ सगळं उघडंच. शेजारच्या काकूसुद्धा ओळखतील. पट्टी मोठी केली तर फोटोचा उपयोगच संपला.

२०२२ साली कॅलिफोर्नियातल्या एका कलाकार बाईंना त्यांच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये काढलेले स्वतःच्या चेहऱ्याचे फोटो 'लायन-५बी' या एआयला शिकवायच्या चित्रांच्या डेटासेटमध्ये सापडले. पाच अब्जांहून जास्त चित्रांचा हा पसारा, स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं बनवणारं एआय यातूनच शिकलं. बाईंची संमती होती ती फक्त स्वतःच्या फाइलपुरती. डेटासेटवाल्यांचं म्हणणं, आम्ही फोटो ठेवतच नाही, नुसत्या लिंका ठेवतो. (म्हणजे माल आमच्याकडे नाही, पत्ता तेवढा आहे!)

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याची सोय आहे, चांगलंच आहे. पण शिकून बसलेल्या मॉडेलमधून एक चेहरा वेगळा काढणार कसा? म्हणून संमतीपत्रातली 'फोटो शैक्षणिक कामासाठी वापरले जातील' ही मोघम ओळ मला पटत नाही. एआयसाठी वेगळा कागद, वेगळी सही हवी, आणि तीही ऑपरेशनच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी घेतलेली नको.