थीम पार्कमधल्या दुपारच्या रांगा कशा टाळायच्या? मदत हवी आहे

पुढच्या महिन्यात पुन्हा थीम पार्कला जायचंय. आम्ही चौघं: दोघं मोठे, मुलगी १३ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. त्याची उंची ११२ सेंटीमीटर, म्हणून मोठ्या रोलर कोस्टरवर त्याला घेत नाहीत. शाळेमुळे रविवारच जमतो, तोही एकच.

मागच्या वेळी गेट उघडायच्या पाऊण तास आधी पोचलो. दाराजवळच्या राइड्स सोडून थेट मागच्या टोकाला गेलो, तर पहिल्या तासात दोन मोठ्या राइड्स झाल्या. अकरानंतर मात्र सगळं ठप्प! ॲपवर ४० मिनिटं दिसत होती, प्रत्यक्षात सव्वा तास उभे होतो. रेलिंगच्या चौथ्या वळणावर मुलाने जमिनीवरच बसकण मारली, आणि इतकं थांबून त्याला राइड नाहीच. फार वाईट वाटलं. जेवण लवकर उरकूनही फरक पडला नाही. एकट्यांची वेगळी रांग भराभर सरकते, पण मुलगी अनोळखी माणसाशेजारी बसायला तयार नाही.

यावेळी आळीपाळीची सोय वापरणार आहोत, म्हणजे एकाने मुलापाशी थांबायचं आणि दुसरा आला की पुन्हा रांग न लावता जायचं. झटपट प्रवेशाचे पास दोघांपुरतेच परवडतील.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: आळीपाळीत मुलीला दोन्ही पालकांबरोबर बसू देतात का? आणि बंद व्हायच्या आधीच्या तासात रांगा खरंच ओसरतात का, की दुपारसाठी ते दोन पास घेऊनच टाकावेत?