ऑनलाइन तासाला मुलं खरंच कधी जागी झाली? अनुभव लिहा

रानफूल:
काल फोनमधली जागा रिकामी करताना २०२० सालचा टीवाय बॉटनीचा व्हॉट्सॲप गट उघडला आणि वाचतच बसले. आमचं कॉलेज रायगड जिल्ह्यातलं. ३ जूनला निसर्ग वादळ येऊन गेलेलं. श्रीवर्धनकडच्या मुलांच्या घरांवर पत्रे नव्हते, काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. आणि ऑगस्टमध्ये ऑनलाइन तास सुरू. मी स्लाइड दाखवून बोलायचे, समोर नुसती नावं. प्रश्न विचारला की सगळे गप्प.

एक दिवस तास थांबवला आणि सांगितलं, संध्याकाळी दाराबाहेर टाकळा शोधा. साडेपाचला एक फोटो काढा, आठला दुसरा. रात्री गट फोटोंनी भरला. अंधार पडला की टाकळ्याची पानं मिटतात, हे आयुष्यभर टाकळ्याची भाजी खाणाऱ्या मुलांनी कधी पाहिलंच नव्हतं! "मॅडम, बल्ब लावला तर उघडतील का?" असं विचारणारी मुलगी वर्गात कायम मागच्या बाकावर गप्प असायची. पुढचा अख्खा तास तिच्या प्रश्नावर गेला. गौरींनंतर तेरड्याची बोंडं तडकतानाचे व्हिडिओ आले, ते तर मी न सांगता.

मुलाला त्याच्या घरी, त्याच्या हाताला काय काम दिलंय, त्यावर सगळं असतं असं माझं मत आहे. शिकवणारे, शिकणारे, शेजारी बसून ऐकणारे, सगळ्यांनी लिहा.

सातपुड्याचा:
मी धडगावकडचा. रेंजसाठी टेकडीवर जायचो, बरोबर शेळ्या. व्हिडिओ उघडायचाच नाही. अर्थशास्त्राच्या सरांनी मग आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सुरुवात केली, दहा-दहा मिनिटांचे तुकडे. रात्री रेंज आली की उतरवून घ्यायचे, दिवसा शेळ्यांमागे ऐकायचे. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक प्रश्न, उत्तरही बोलूनच पाठवायचं. लिहायला बिचकणारी पोरं बोलायला लागली, काहीजण पावरीत, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत. सरांना पावरी कळायची. अशा माणसाचे उपकार विसरता येत नाहीत.

नाशिकची सई:
दोन मुलं, एक फोन, आणि कुकरची शिट्टी झाली की थोरला ओरडायचा, "आई, माइक चालू आहे!" त्याच्या मॅडम एकदा म्हणाल्या, "काकू, वास इथपर्यंत येतोय, आमटी का?" सगळा वर्ग हसला. त्यानंतर तो तास त्याने कधी बुडवला नाही.

गौरी_म:
रानफूल, टाकळ्याची भाजी कशी करता? आमच्याकडे मूगडाळ घालतात.

रानफूल:
कोवळा पालाच घ्यायचा, पहिल्या पावसानंतरचा. कांदा भरपूर, लसूण, मिरची, वरून ओलं खोबरं. डाळ घालूनही छान लागते.

गणितवाला:
इंजिनिअरिंगला एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, शिकवतो. झूमच्या फुकट खात्यावर ४० मिनिटांची मर्यादा होती, तेच वेळापत्रक करून टाकलं. पहिली वीस मिनिटं मी, मग चार-चार जणांच्या खोल्या, प्रत्येक खोलीत एकच गणित, वहीचा फोटो गटावर टाकायचा. मी खोल्यांमधून फिरायचो. साठ जणांपुढे तोंड न उघडणारी मुलं चौघांत भांडायची, लाप्लास काढताना मर्यादा कुठली घ्यायची यावरून! कॅमेरे आपोआप सुरू व्हायचे.
शिकवणाऱ्यांना एक विनंती, कॅमेरा सक्तीचा करू नका. माझा एक विद्यार्थी गॅरेजात काम करता करता ऐकायचा. घरात एकच खोली असेल तर मुलगी कॅमेरा कशी लावणार?

अंतिमवर्ष२०२०:
आमची तर परीक्षा होणार की नाही यातच उन्हाळा गेला. २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाचा निकाल, ऑक्टोबरात पर्यायी प्रश्नांचा ऑनलाइन पेपर. मैत्रीण रोज रात्री फोन करून एकेक प्रकरण मोठ्याने वाचायची, म्हणून टिकले. आता ती नांदेडला तलाठी आहे. 🙂

सातपुड्याचा:
अभिनंदन सांगा तिला!

जिज्ञासू_पुणे:
पण बल्ब लावल्यावर पानं उघडली का??

रानफूल:
नाही उघडली. पानाच्या सांध्यातल्या पेशींत पाणी भरतं-उतरतं तशी पानं हलतात, पण वेळ सांभाळणारं घड्याळ झाडाच्या आत असतं. १७२९ मध्ये द मेरां या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूसारखं झाड अंधारात ठेवलं, तरी पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. मुलांना हे सांगितलं तर दोघांनी कुंड्या पेटीखाली ठेवल्या.

इतिहासाची_विद्यार्थिनी:
मी एमएला होते, मराठवाड्यात. मॅडमनी सांगितलं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ७२च्या दुष्काळाबद्दल विचारा आणि पुढच्या तासाला त्यांनाच फोनसमोर बसवा. आजी पदर सावरून बसली. लाल मिलो (बाहेरदेशातून आलेली ज्वारी), सुकडी (दुष्काळात वाटलेला कोरडा खाऊ), खडी फोडायचं काम, पाझर तलावावर मजुरी, सगळं सांगितलं. रोजगार हमी १९७२ची, हे पुस्तकात एका ओळीत होतं. आजीने हात दाखवले, खडीचे वण अजून होते. त्या दिवशी तास दुप्पट लांबला आणि कोणी बाहेर पडलं नाही. आजी गेल्या वर्षी गेली. ते रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे.

नाशिकची सई:
फार छान लिहिलंस गं. जपून ठेव ते, दोन-तीन ठिकाणी ठेव.

म्यूनिककर:
माझं पहिलं सेमिस्टर पुण्यातूनच झालं, व्हिसा अडकलेला. हिवाळ्यात वेळेचा फरक साडेचार तासांचा, तिकडचा संध्याकाळचा तास इथे जेवणं आटोपल्यावर. सोडवलेली गणितं जोडीने द्यायची अट होती, म्हणून एका तुर्की मुलीशी रोज बोलणं. अजून आमची मैत्री आहे.

मुक्तविद्यार्थिनी:
तुम्ही सगळे २०२०चं सांगताय, आम्ही त्याआधीपासून घरी बसून शिकतोय 🙂 यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९चं. मी दोन मुलं झाल्यावर बीए केलं. पुस्तकं घरी, पण रविवारच्या संपर्क सत्राला आलेल्या चौघीजणींमुळे पदवी हातात आली. एकीने स्वाध्याय लिहिला की बाकीच्यांना फोन, "माझा झाला, तुमचा?"

नाशिकची सई:
ताई, माझी धाकटी यंदा तिथेच बीकॉमला आहे, एकटीच बसते अभ्यासाला. असा चौघींचा गट कुठे मिळेल?

मुक्तविद्यार्थिनी:
अभ्यासकेंद्रावर विचारा. पहिल्या सत्राला तिला पाठवाच, कंटाळा केला तरी. जवळपास राहणाऱ्या मुलींचे नंबर तिथेच घ्यायला सांगा. नाहीच जमलं तर मला निरोप टाका, मी नाशिकरोडलाच आहे.