काडतुसांचा भाव तिप्पट: लूट की बाजार?

टेक्सासवासी: विषय २०२०-२१ मधल्या अमेरिकेतल्या काडतूसटंचाईचा. कोविडआधी पिस्तुलाच्या ९ मिमी काडतुसांची ५० ची साधी पेटी दहा-अकरा डॉलरला मिळायची. २०२१ च्या सुरुवातीला तीच तीस-चाळीसला, तीही नशिबात असेल तर. आमच्या दुकानदाराने जुन्याच मालावर नवी चिठ्ठी डकवली होती. नखाने खरवडली की खालचा भाव दिसायचा. ही सरळ लूट आहे. आणीबाणीत इंधन, औषधं अव्वाच्या सव्वा विकली तर इथे कायदा आडवा येतो, मग काडतुसांनाच मोकळं रान का?

ओहायोकर: साफ नामंजूर. त्याला पुढचा माल कोणत्या भावाने मिळणार होता, हे विचारलंत का? २०२० मध्ये एफबीआयकडे बंदुकीची खरेदी, परवाना वगैरेंसाठी लागणाऱ्या पार्श्वभूमी तपासणीचे जवळपास ४ कोटी अर्ज गेले. सगळे खरेदीचे नव्हते, तरी पहिल्यांदाच पिस्तूल घेणारे लाखो होते आणि प्रत्येकाला दोन-चार पेट्या हव्याच. माल येणार कुठून? काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारं प्राइमर असतं, ते बनवणाऱ्या कंपन्या इथे बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली रेमिंग्टन जुलै २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. आर्कान्सातला तिचा काडतूस कारखाना व्हिस्टा आउटडोअर या दुसऱ्या काडतूस कंपनीने घेतला खरा, पण तो काय बटण दाबून पूर्ण जोमाने सुरू होतो?

तिरकस पुणेकर: काडतुसं म्हणजे कांदा नव्हे. महागली तर बरंच की, कमी उडतील.

टेक्सासवासी: @पुणेकर, उडतात कमी, साठतात जास्त! भाव चढताना दिसला की जो तो घाईने उचलतो. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेतल्या हत्याकांडानंतर बंदुकांवर बंदी येईल या धास्तीने हेच झालं. पोरांना नेमबाजी शिकवायची ती साधी पॉइंट टू-टू काडतुसंसुद्धा पुढे कितीतरी महिने दुकानात टिकत नव्हती.

करवीरची नेमबाज: मग माणशी मर्यादा घाला ना. आपल्याकडे किती काडतुसं घ्यायची याची मर्यादा परवान्यातच घातलेली असते.

ओहायोकर: ताई, ते परवान्याच्या देशात. इथे काही दुकानांनी माणशी पेट्या ठरवून दिल्या, तर लोकांनी बायकापोरांना रांगेत उभं केलं. जुन्या भावाने विकणाऱ्यांचा माल तासाभरात संपायचा आणि संध्याकाळी तोच दुप्पट भावाने ऑनलाइन! नफा दुकानदाराऐवजी दलालाच्या खिशात गेला, एवढाच काय तो न्याय.

टेक्सासवासी: आमच्या रेंजवाल्याने, म्हणजे नेमबाजीचं मैदान चालवणाऱ्याने, तोडगा काढला होता. पेटी बेताच्या भावात, पण तिथेच फोडायची, तिथेच उडवायची. बाहेर एक काडतूस न्यायचं नाही. साठेबाज आपोआप गळाले.

ओहायोकर: त्याला रेंजचं भाडं मिळतं, म्हणून परवडतं. नुसतं दुकान चालवणाऱ्याने काय करायचं, ते सांगा.