युरोपीय मधमाशीच्या पेट्या माइट या बारीक परजीवीमुळे ढासळत आहेत, शेजारची सातेरी मात्र ठणठणीत, असे का?

रानशेत
नमस्कार. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम भागात आमच्याकडे पूर्वीपासून सातेरी मधमाशीच्या पेट्या आहेत. कांदा बियाण्याच्या प्लॉटमध्ये परागीभवन नीट व्हावे म्हणून यंदा युरोपीय मधमाशीच्या, म्हणजे मेलिफेराच्या पेट्याही आणल्या. फुलोरा संपत आला तसतशा या नव्या पेट्यांपुढे पंख चुरगळलेल्या, उडता न येणाऱ्या माश्या जमिनीवर सरपटू लागल्या. पोळ्यातील बंद कप्प्यांची झाकणे जागोजागी खचलेली आणि कुरतडलेली आहेत. काही माश्यांच्या अंगावर तांबूस ठिपक्यासारखा कीटकही दिसतो. त्याच बांधावरच्या सातेरीला मात्र काहीही झालेले नाही. यामागचे कारण काय, आणि मार्चच्या उन्हात कोणता उपाय करणे सुरक्षित ठरेल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

मोहोळमित्र
आपण केलेल्या वर्णनावरून हा व्हरोआ माइटचा प्रादुर्भाव वाटतो. त्याची मादी साधारण दीड मिलिमीटर रुंद, चपटी आणि तांबूस तपकिरी असते. अळीचा कप्पा मेणाने बंद होण्याच्या थोडे आधी ती आत शिरते, अळीच्या अन्नाखाली दडून बसते आणि कप्पा बंद झाल्यावर अंडी घालते. पहिल्या अंड्यातून नर, नंतरच्या अंड्यांतून माद्या निघतात; त्यांचे मीलनही कप्प्यातच होते आणि माशी बाहेर पडताना प्रौढ झालेल्या माद्या तिच्यासोबत बाहेर येतात. नर माशीचा कोष अधिक दिवस बंद राहत असल्यामुळे माइटला तोच अधिक फायद्याचा ठरतो.

केवळ रक्तशोषण एवढ्यावर हे नुकसान थांबत नाही. माइट प्रौढ माशीच्या शरीरातील चरबीसारख्या ऊतीवर पोसला जातो, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. साठवलेले पोषण, रोगप्रतिकार आणि विषारी द्रव्यांचा निचरा ही कामे याच ऊतीवर अवलंबून असल्याने माशीचे आयुष्य घटते. शिवाय तो पंख विकृत करणाऱ्या विषाणूचा वाहक आहे. आपल्याला दिसलेले चुरगळलेले पंख ही त्याचीच खूण होय. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की असे पंख दिसेपर्यंत वसाहतीत माइटची संख्या बरीच वाढलेली असते. म्हणून माश्यांकडे नुसते पाहून अंदाज करू नये, माइट मोजावेत.

त्यासाठी पिल्लांच्या फ्रेमवरील, म्हणजे अळ्या असलेल्या पोळ्याच्या चौकटीवरील, सुमारे ३०० माश्या, म्हणजे अंदाजे १०० मिलिलिटर भरतील इतक्या, जाळीचे झाकण असलेल्या बरणीत घ्याव्यात. राणी त्यांत नाही याची आधी खात्री करावी. मग दोन चमचे पिठीसाखर घालून बरणी मिनिटभर हलक्या हाताने फिरवावी आणि पांढऱ्या ताटलीवर साखर झाडून माइट मोजावेत. माश्या जिवंत राहतात, त्या परत पेटीत सोडाव्यात. शंभर माश्यांमागे तीन माइट निघाले तर उपाय लांबवू नये.

सह्याद्री_मधपाळ
सातेरीविषयी लिहितो. व्हरोआचा मूळ यजमान आशियातील हीच मधमाशी आहे. जावा बेटावर तिच्याच अंगावरच्या माइटवरून १९०४ मध्ये या वंशाचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले. सातेरी एकमेकींच्या अंगावरील माइट काढतात आणि बाधित अळ्या पोळ्याबाहेर टाकतात. कामकरीची बाधित अळी लवकर मरते, त्यामुळे माइटची वीणच तुटते, असेही अलीकडच्या अभ्यासात दिसले आहे. परिणामी त्याला जवळजवळ फक्त नरांच्या कोषांत वाढता येते. मेलिफेराचा आणि या माइटचा संबंध विसाव्या शतकातला, त्यामुळे तिच्यात असा प्रतिकार अपवादानेच आढळतो. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदराजवळ हा माइट सापडला. पुढच्याच वर्षी समूळ उच्चाटनाचा प्रयत्न सोडून देऊन तेथे नियंत्रणाचे धोरण स्वीकारावे लागले, यावरून त्याचा चिवटपणा ध्यानात येईल.

तरीही सातेरीला सर्व रोगांपासून अभय आहे असे समजू नये. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या अळ्या मारणाऱ्या विषाणूने दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. दोन्ही जातींची अवजारे आणि फ्रेम कृपया वेगळ्या ठेवाव्यात.

पोळेनिरीक्षक
एक गोष्ट तपासल्याखेरीज उपाय ठरवू नये. आपल्या भागात ट्रॉपिलिलॅप्स हा दुसरा माइटही असतो. तो मुळात आग्या मोहोळावरचा. आकाराने लांबट, व्हरोआपेक्षा लहान आणि पोळ्यावर वेगाने धावणारा. कुरतडलेल्या झाकणांमुळे मला त्याचीही शंका येते. तो बहुतांश पिल्लांवरच राहतो, म्हणून साखरेच्या चाचणीत सहसा निसटतो. माश्या झटकलेली पिल्लांची फ्रेम पांढऱ्या ट्रेवर आपटून पाहावी.

माइट मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फॉर्मिक आम्लाची वाफ मेणाच्या झाकणाआड पोहोचते, हा तिचा मोठा गुण. परंतु तापमान ३० अंशांच्या वर गेले की राणी आणि पिल्ले दगावण्याचा धोका वाढतो, म्हणून आत्ता मी तो मार्ग सुचवणार नाही. त्याऐवजी राणीला २४ दिवस पिंजऱ्यात ठेवावे. तेवढ्यात सर्व कामकरी आणि नर कोषांतून बाहेर पडतात आणि पोळ्यात नवे पिल्लू उरत नाही. ट्रॉपिलिलॅप्सला प्रौढ माशीवर पोसता येत नाही, त्यामुळे तो पिल्लांविना काही दिवसांतच संपतो. व्हरोआ प्रौढ माशीवर तग धरतो. मात्र आता त्याला लपायला बंद कप्पा नसल्याने, झाकणाआड न पोहोचणारे ऑक्झॅलिक आम्लही यावेळी प्रभावी ठरते. मात्रा पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेतून विचारून घ्यावी, हातमोजे आणि मास्क वापरावा, आणि विक्रीच्या मधाच्या फ्रेम आधी काढून ठेवाव्यात.

रानशेत
मनःपूर्वक आभार. आज दोन्ही चाचण्या केल्या. साखरेत व्हरोआ मर्यादेपेक्षा बरेच अधिक निघाले आणि ट्रेवर धावणारे लांबट माइटही दिसले. राणी बंद असताना वसाहत अशक्त होणार नाही ना, एवढीच काळजी आहे.

पोळेनिरीक्षक
नवीन माश्या येत नसल्याने संख्या काही काळ घटेल, हे खरे आहे. म्हणून ज्या पेटीत माश्यांनी झाकलेल्या फ्रेम फारच थोड्या असतील, ती आधी दुसऱ्या पेटीत मिसळून घ्यावी आणि त्यातील चांगली राणीच ठेवावी. बाहेर फुलोरा नसेल तर साखरेचा पाक द्यावा. राणी मोकळी केल्यावर साधारण दोन आठवड्यांनी, पहिले कप्पे बंद झालेले असतील तेव्हा, दोन्ही चाचण्या पुन्हा कराव्यात.