मदत हवी आहे: 'कझिन' म्हणजे नक्की कोण? (तातडीचं)

पागोळी
नमस्कार. आज संध्याकाळी सातच्या आत उत्तर हवंय. एका वंशावळीचा फ्लेक्स छापायला द्यायचाय आणि फ्लेक्सवाला आठला शटर ओढतो. सगळी माहिती इंग्रजीत आहे, जिथे तिथे 'कझिन'. चित्रकाराचे आईवडील एकमेकांचे कझिन, त्याचा डॉक्टर मित्रही त्याचा कझिन. दोन्हीकडे 'चुलत' लिहिलं तर चालेल का? लेक्चर नको, फक्त शब्द सांगा.

दगडफूल
कोण चित्रकार? कुठला? नावच दिलं नाहीये. आम्ही काय पत्रिका मांडून सांगायचं?

बोरकूट
सरळ 'नातेवाईक' लिहा आणि मोकळ्या व्हा. बँकेत असताना वारसांच्या अर्जावर मी हेच लिहायला लावायचो. तीस वर्षांत एकही अर्ज परत आला नाही.

पागोळी
सॉरी, घाईत राहिलं. तुलूझ-लोत्रेक, फ्रेंच चित्रकार. आमच्या वाचनालयात त्याच्या पोस्टरांच्या प्रतींचं प्रदर्शन आहे, उद्या सकाळी उद्घाटन.
@बोरकूट, वंशावळीत 'नातेवाईक' लिहू? सगळेच नातेवाईक असतात हो त्यात.

रंगारी_गल्ली
वा! १८९१चं, पॅरिसच्या 'मूलाँ रूझ' नाचघराचं पोस्टर आहे का? ला गुलू ही नर्तकी मध्ये नाचतेय आणि पुढे तो लांब नाकाचा राखाडी माणूस? ते शिळाछापाचं काम आहे, म्हणजे दगडावर चित्र काढून छापलेलं. तुमच्या प्रती कुठल्या कागदावर आहेत? चकचकीत कागद असेल तर मजा गेली. मॅट हवा.

पागोळी
कागद नाही विचारला.

जुना_चष्मा
'चुलत' लिहू नका, साफ चूक होईल. वडील काउंट आल्फाँस द तुलूझ-लोत्रेक. आई आदेल, माहेरचं आडनाव तापिए द सेलेराँ. चुलत असते तर आडनाव एकच नसतं का? आल्फाँसची आई गाब्रिएल आणि आदेलची आई लुईज या सख्ख्या बहिणी, दँबेर द्यु बॉस्क घराण्यातल्या. थोडक्यात, लोत्रेकची आजी आणि आजी बहिणी-बहिणी. आईवडील मावसभाऊ-मावसबहीण.

दगडफूल
मावस??? आपल्याकडे मामाची मुलगी करतात, ते समजू शकतं. मावशीची मुलगी म्हणजे बहीणच की. हे फ्लेक्सवर लिहिलंत तर उद्घाटनाला आलेली मंडळी चित्रं सोडून यावरच बोलत बसतील.

जुना_चष्मा
त्यांच्याकडे मामेबहीण-मावसबहीण असा भेद नाही, शब्दच एक आहे. चर्चची खास परवानगी काढावी लागे, ती मिळायची. जमीनजुमला घरातच राहायचा.

बोरकूट
आपल्याकडेही १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात रूढी असेल तर सूट आहे. माझ्या एका खातेदाराचं प्रकरण

दगडफूल
काका, नको.

फणसपोळी
म्हणूनच तर त्याची वाढ खुंटली! घोड्यावरून पडला आणि पाय मोडले ते जुळलेच नाहीत.

हाडवैद्य_नाही
घोडा कुठून आला? १८७८ मध्ये, तेराव्या वर्षी, आल्बीच्या घरात बुटक्या खुर्चीवरून उठताना घसरला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. पुढच्या वर्षी फिरायला गेलेला असताना उथळ चरात पडून उजवं. इतक्या साध्या पडण्यानं हाड मोडतं, म्हणजे दोष हाडातच होता. धड मोठं झालं, पाय लहान राहिले, उंची साधारण १५२ सेंटीमीटर. मारोतो आणि लामी या फ्रेंच डॉक्टरांनी १९६० च्या दशकात मांडलं की हा पिक्नोडिसोस्टोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ करणारा आनुवंशिक विकार असावा. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आला तरच तो होतो, आणि मावस लग्नात ती शक्यता वाढते. पण निदान माणूस गेल्यावर साठेक वर्षांनी, फोटो आणि पत्रं बघून केलेलं. सगळे डॉक्टर मान्य करत नाहीत.

फणसपोळी
माझ्या वाचनात घोडाच होता. घराणं शिकारी होतं ना?

हाडवैद्य_नाही
शिकारी होतं. बाप घोडे आणि ससाणे यांतच रमलेला. मुलगा धावते घोडे चित्रात काढायचा, स्वतः घोड्यावर बसायची सोय राहिली नाही. पडला मात्र खुर्चीवरून.

पागोळी
मंडळी, सहा वाजून दहा मिनिटं. आईवडिलांचं 'मावस' लिहिलं. डॉक्टरचं काय?

जुना_चष्मा
डॉक्टर म्हणजे गाब्रिएल तापिए द सेलेराँ ना? त्याचे आईवडील कोण दिलेत?

पागोळी
वडील आमेदे, आई आलिक्स. पुढे काही नाही.

जुना_चष्मा
आमेदे हा आदेलचा सख्खा भाऊ. आलिक्स ही आल्फाँसची सख्खी बहीण.

दगडफूल
थांबा थांबा. एका घरची मुलगी तिकडे दिली आणि तिकडची इकडे आणली? हे तर साटंलोटं!

जुना_चष्मा
शुद्ध साटंलोटं. त्यामुळे गाब्रिएल हा आमेदेकडून लोत्रेकचा मामेभाऊ आणि आलिक्सकडून आतेभाऊ. दोन्ही बरोबर. आणि तिकडच्या जोडप्याचंही नातं मावसच, त्यामुळे त्यांच्या १४ मुलांपैकी काहींना हाडांचा त्रास झालाच.

पागोळी
१४??? फ्लेक्स तीन बाय चारचा आहे.

रंगारी_गल्ली
एकटा गाब्रिएल घ्या. शिकागोला 'मूलाँ रूझमध्ये' हे चित्र आहे, त्यात मागून बुटका लोत्रेक आणि त्याच्या शेजारून हा उंच गाब्रिएल चालत जातात. मामेआतेभाऊ दाखवायला यापेक्षा चांगलं काही नाही. आणि खाली 'त्रेक्लो' पण लिहा. सुरुवातीला घराण्याचं नाव चित्रावर नको म्हणून 'लोत्रेक'ची अक्षरं उलटसुलट करून तो अशी सही करायचा.

बोरकूट
'काउंट'ला मराठीत काय लिहिलंत? मी 'जहागीरदार' लिहीन.

दगडफूल
जहागीरदार कसे? 'सरदार' लिहा.

जुना_चष्मा
'काउंट'च राहू द्या. पण लोत्रेक १९०१ मध्ये मालरोमेला आईच्या घरी वारला, तेव्हा बाप जिवंत होता. वयाचा ३७वा वाढदिवसही झाला नव्हता. त्यामुळे 'काउंट' बापाच्याच नावामागे लावा.

पागोळी
'काउंट'च ठेवलं, बापाला. गाब्रिएलला दोन रेषा काढल्या, एक मामाकडून, एक आत्याकडून. सगळ्यांचे आभार, निघाले.

पागोळी
फ्लेक्सवाला म्हणतो, ताई, या माणसाला दोन बाजूंनी रेषा आल्यात, चूक आहे, एक काढतो. आत्या-मामाचं सांगितलं, साटंलोट्यापर्यंत गेले. तो म्हणाला, आमच्या मावशीकडे असंच आहे, आणि दोन्ही रेषा जाड केल्या.

फणसपोळी
उद्घाटन किती वाजता? आणि नाश्ता आहे का?

घाटमाथा
आत्ताच धागा पाहिला. कझिनला इंग्रजीत 'फर्स्ट', 'सेकंड' असंही असतं, ते मोजायचं कसं यावर माझ्याकडे एक तक्ता आहे. हवा असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.